भरल्या घराचं गिऱ्हाईक

“हे घर बघायला आलेत,” एजंट म्हणाला. दारात उभ्या असलेल्या उंच, रुंद खांद्यांच्या बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “या की. बघायला काय, तिकीट थोडंच आहे!” खरं तर त्याच क्षणी त्याने बोलायला हवं होतं. अहो, मी बघायला आलेलो नाही, मी मालक आहे. म्हणजे अर्धा मालक मी, अर्धी माझी ताई. वडील गेल्यावर हे घर आमच्या दोघांच्या नावावर झालं आणि आता आम्ही ते विकायला काढलंय. वाक्य तयार होतं. जिना चढताना ते त्याने दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण एजंटने त्याचं खुशाल गिऱ्हाईक करून टाकलं, आणि गंमत अशी की ते खटकण्याऐवजी त्याला मोकळं वाटलं. सभेत कोणी आपलं नाव चुकीचं घ्यावं आणि आपण ते दुरुस्त न करता दुसरंच कुणी होऊन स्वस्थ बसून राहावं, तसं. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत तो ह्या घरात वाढला होता. त्यानंतर वडील ताईकडे राहायला गेले, घर भाड्याने गेलं, आणि तीस वर्षांत त्याने ह्या दारातून पाऊल आत टाकलं नव्हतं. आता एक अनोळखी बाई त्याला सांगत होती, “हा हॉल. सकाळी ऊन येतं, पण अर्धा तासच. पावणेआठला आलं की सव्वाआठला गेलं. आधीच सांगून ठेवते, मागून म्हणाल बाईंनी फसवलं.” त्याने मान हलवली. अर्धा तास ऊन येतं हे त्याला माहीत नव्हतं. पावणेआठला तो नेहमी शाळेत असायचा.

तो एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, आणि बारीक बारीक होत जाणारे आवाज ऐकवून तो कुठवर ऐकू शकतो ते कागदावर उतरवायचं. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी ऐकायचा आणि मग बघायचा. हे घर पूर्वी फार वाजायचं. चमचा पडला तर त्याचा आवाज चारी खोल्यांतून फिरून परत यायचा, आणि वडिलांच्या खुर्चीचा पाय सरकला की आई स्वयंपाकघरात हात थांबवायची. आता तेच घर आवाज पिऊन टाकत होतं. जाड पडदे, दोन मोठे गालिचे, उशांचे ढीग. पोहण्याचे तीन काळे पोशाख आणि एक टॉवेल खोल्यांमधल्या बोळात दोरीवर वाळत होते. त्यांच्याखालून जाताना तो वाकला, आणि वाकता वाकता त्याला आठवलं की आई नेमकी इथे उभी राहायची. बोळात. काही न करता. हातात फडकं असायचं, पण ती पुसत काही नसायची. लहानपणी त्याला वाटायचं, मोठ्या बायका अशाच अधूनमधून बोळात उभ्या राहत असतील. पुढे लग्न झाल्यावर बायको कधीच तशी उभी राहिली नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ते आईचंच काही होतं. पण तोपर्यंत विचारायला आई राहिली नव्हती.

“ही छोटी खोली,” बाई म्हणाल्या. “ह्यात वहिनी काम करते. घाबरू नका, चावत नाहीत ते.” ही वडिलांची खोली. हिचं दार बंद असायचं आणि ‘आत जायचं नाही, बाबा वाचतायत’ एवढंच सांगितलेलं असायचं. काय वाचतायत, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आता दार सताड उघडं होतं आणि खिडकीच्या लांबलचक फळीवर पांढऱ्या प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. काहींत दात होते, काही बोळके, एक अर्धाच. टेबलाच्या दिव्याखाली एक बारीक चणीच्या, पन्नाशीच्या बाई कवळी घासत बसल्या होत्या. शहरातले चार दंतवैद्य त्यांच्याकडून कवळ्या करून घेतात, असं उंच बाईंनी अभिमानाने सांगितलं. दातांच्या बाईंनी मान वर केली, त्याला नीट न्याहाळलं आणि अगदी हळू विचारलं, “तुम्हाला घर राहायला हवंय, की घेऊन ठेवायला?” तो उत्तर शोधत होता तेवढ्यात उंच बाई मध्येच म्हणाल्या, “हो हो, पाण्याचा काही त्रास नाही. नळ तेवढा गळतो. मालकांना किती वेळा कळवलं! पण मालक म्हणजे काय, बँकेतला एक नंबर. नंबरला कसला नळ दिसतोय?” दातांच्या बाईंनी आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या परत कवळीवर वाकल्या. हे सगळं दोन-चार क्षणांत घडलं, पण त्याच्या कामाची सवय अशी की त्याच्या मनात लगेच एक छोटी खूण झाली. ह्या उंच बाईंना प्रश्न ऐकूच आला नव्हता.

निघण्यापूर्वी त्याने हात धुवायला बाथरूम विचारलं. खाली उतरताना एजंटने जिन्यातच आपली बाजू मांडली. “साहेब, रागावू नका. मालक आलेत म्हटलं ना, की भाडेकरू तक्रारींचा पाढा वाचतात. गिऱ्हाईक म्हटलं की घर आवरून ठेवतात. आणि घराचा खरा रंग गिऱ्हाइकालाच दिसतो.” एजंट गडी हुशार होता. त्याने एजंटचा निरोप घेतला. रस्त्याने चालताना त्याच्या डोक्यात ते जबडे, ते वाळणारे पोशाख आणि ‘बँकेतला एक नंबर’ हे शब्द घोळत राहिले. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याला वाटलं. पण वाटत होतं ते वेगळंच. दुसऱ्याच्या पत्रव्यवहारातलं एक पान हाती लागावं आणि पुढचं वाचायची ओढ लागावी, तसं काहीतरी.

घरी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिच्यासमोर नेहमी वह्यांचा एक गठ्ठा असायचा. “आपल्याच घरात गिऱ्हाईक! मग, आवडलं का घर?” त्याने त्या उंच, पोहण्याच्या बाईंबद्दल सांगितलं, ज्या सार्वजनिक तलावावर मुलींना पोहायला शिकवतात, दातांच्या बाईंबद्दल सांगितलं, त्या दोघी नणंद-भावजय आहेत आणि अकरा वर्षं तिथे राहतात हेही. “आणि भाऊ? म्हणजे नवरा?” बायकोने विचारलं. ते त्याने विचारलंच नव्हतं. “मग तू बघितलंस काय?” ती म्हणाली आणि लाल पेनने कुणाचं तरी उत्तर खोडलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई दुसऱ्या शहरात राहायची आणि फोनवर नेहमी अशी बोलायची, जणू समोर पाचपन्नास माणसं बसली आहेत. “हे बघ, मोकळं घर आणि भरलेलं घर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. करार संपायला अजून पाच महिने आहेत, पण तू जाऊन गोडीत बोल. दोन बायका आहेत, कुठेही जातील. तू कुणाला नाही म्हणू शकत नाहीस हे मला माहितीये, म्हणून आत्ताच सांगते. रिकामं करून घे.” तो “बघतो” म्हणाला. ताईला त्याचा ‘बघतो’ पाठ होता. “बघू नकोस. कर,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच गेला. खोल्यांची मापं घ्यायचीत अशी सबब त्याने केली होती आणि खिशात खरोखरच टेप ठेवली होती. दुपारची वेळ होती. पोहण्याच्या बाई तलावावर गेल्या होत्या. दातांच्या बाईंनी दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि हॉलची एक भिंत मापून होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही मालक आहात ना?” टेप सरकन आत ओढली गेली. “त्या दिवशी बाथरूमचा दिवा लावलात,” त्या म्हणाल्या. “तो दिवा कुणालाच सापडत नाही. बटण दाराच्या मागे, तेही कमरेच्या उंचीवर. आम्हाला आठवडा लागला होता. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत, हात सरळ तिथेच गेला.” त्याला शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. ते बटण कमरेच्या उंचीवर का, तर त्याचा हात पोचावा म्हणून. तो चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी ते बसवून घेतलं होतं. हे त्याला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं, आणि आता ते डोळ्यांसमोर उभं राहिलं. बंद दाराआड वाचत बसणारा माणूस उठून वायरमनला सांगतोय, ‘अजून खाली घ्या, अजून थोडं खाली.’ त्याने माफी मागितली. “एजंटने तसं सांगितलं आणि मी गप्प बसलो. का बसलो, खरंच माहीत नाही.” “बसलात ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “मालक म्हणून आला असतात तर मी तुम्हाला जबडे दाखवले नसते. चहा घेणार?”

चहा त्यांनी त्या छोट्या खोलीतच आणला. त्याच्या बोटांची सवय बघून त्यांनी विचारलं की तुम्हीही साचे घेता का; कारण त्याने प्लॅस्टरची वाटी हातात घेऊन नकळत कडेला बोट फिरवून पाहिलं होतं. त्याने सांगितलं, घेतो, कानांचे. मग बराच वेळ ते दोघं साच्याचा लगदा किती घट्ट असावा, उन्हाळ्यात तो किती लवकर आवळतो ह्याबद्दल बोलत राहिले, आणि मालक-भाडेकरू हा विषय मागे पडला. बोलताना त्यांचा आवाज इतका हलका होता की त्याला, कान तपासणाऱ्याला, पुढे झुकावं लागत होतं. नवऱ्याबद्दल त्यांनी आपणहूनच सांगितलं. “वारले नाहीत हो, निघून गेले. सगळ्यांना वाटतं वारले, आणि मीही दरवेळी दुरुस्त करत बसत नाही. आम्ही इथे आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी. परदेशात नोकरी लागली म्हणून गेले, मग तिथे दुसरं सगळंच लागलं.” हे सांगताना त्या हसल्या, कडवट वगैरे नाही, चुकलेला हिशेब फार वर्षांनी सापडला की हसू येतं तसं. “मी तेव्हाच गेले असते. माझी मावशी होती, काम कुठेही करता येतं. पण वन्संना टाकून कशी जाऊ? त्यांचं दुसरं कोण आहे? भाऊ गेला, मग मीही जायचं? मग राहिले. राहता राहता हे एवढे जबडे झाले.”

तो निघाला तेव्हा बोळात थबकला. का थबकला हे त्याने सांगितलं नाही, पण त्यांनीच ते हेरलं. “तुम्हीही इथे थांबता का? मीही थांबते,” त्या म्हणाल्या. “ह्या घरात ही एकच जागा आहे, जिथून सगळं ऐकू येतं. कोण आलं, कोण झोपलं, कोण उगाच पुस्तक उघडून बसलंय आणि पान उलटत नाही. उभं राहून बघा.” तो उभा राहिला. खरंच होतं. हॉलमधल्या घड्याळाचा काटा, स्वयंपाकघरातला गळका नळ, छोट्या खोलीत फळीवर सरकलेली एखादी वस्तू, सगळं इथे येऊन मिळत होतं. सव्वीस वर्षं तो आवाजांतच वावरला होता आणि त्याने कधी हे मोजलं नव्हतं. आई इथे उभी राहून काही करत नव्हती असं त्याला वाटायचं. ती घर ऐकत होती. बंद दाराआड वडिलांचं पान उलटतंय की नाही, ताईचा अभ्यास चाललाय की रडणं, आणि तो स्वतः अंथरुणात जागा आहे की झोपलाय. तिने ह्यातलं काय काय ऐकलं आणि ऐकून काय केलं, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. पण ती नुसती उभी नव्हती, एवढं तरी कळलं. त्याने खिशातून दवाखान्याचं कार्ड काढून त्यांना दिलं. “तुमच्या वन्संना एकदा माझ्याकडे पाठवा. घराचं नाही, कानाचं काम आहे.” घर रिकामं करण्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं. ताईला त्याने सांगितलं की मापं घेऊन झाली.

पोहण्याच्या बाई चार दिवसांनी दवाखान्यात आल्या. केस ओले, हातात जाळीची पिशवी. “म्हणजे तुम्हीच मालक होय! वहिनीने सांगितलं. बरंच झालं की, नळाचं थेट वर पोचलं.” त्यांना काचेच्या खोलीत बसवून त्याने समजावलं, आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक आला तरी. काचेपलीकडे त्यांचा चेहरा बदलला. एरवी भरभरून बोलणारा तो चेहरा आता वाट बघू लागला. हे त्याला प्रत्येकाच्या बाबतीत दिसायचं आणि प्रत्येक वेळी नवं वाटायचं. माणूस ऐकायला बसला की त्याचं वय निघून जातं. त्याने आवाज सोडला. जाडे आवाज त्यांनी पटापट पकडले. मग तो बारीक, उंच आवाजांकडे सरकला आणि बटणावरचं बोट थांबलं. त्याला त्याच्या यंत्रावर आवाज चालू असलेला दिसत होता. त्या मात्र शांतपणे समोर बघत, वाट बघत बसल्या होत्या. किती तरी वेळ. इकडे आवाज, तिकडे वाट, आणि मध्ये काच. कागदावर रेघ हळूहळू उतरत गेली. हा उतार त्याच्या ओळखीचा होता, पण ह्या वेळी त्याला त्या उतारावर दातांच्या बाईंचा आवाज नेमका ठेवता येत होता. त्या जे जे म्हणायच्या, त्यातलं बरंचसं ह्या रेघेच्या पलीकडे पडत होतं.

“तलावातल्या गोंगाटाने झालं असणार, आणि थोडं वयाने,” त्याने त्यांना सांगितलं. “कानाला यंत्र लावलं की पुष्कळ फरक पडेल. तुम्हाला मोठं बोललेलं ऐकू येतं, म्हणून तुम्हाला कळलंच नाही.” बाई कागदाकडे बघत राहिल्या. “मला वाटायचं वहिनी अबोल झालीये,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. “भाऊ गेल्यापासून. मला वाटायचं तिला माझ्याशी बोलायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, मी त्याची बहीण. आणि एक सांगू? ती माझ्यामुळे अडकलीये. माझं काय, पाणी असेल तिथे मी राहीन. पण भाऊ गेला, वर मीही म्हणू का, मी चालले? कुठल्या तोंडाने म्हणू?” त्याच्या ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तुम्ही तिच्यासाठी राहताय आणि ती तुमच्यासाठी. अर्धा भाग परवा त्या छोट्या खोलीत ऐकला, अर्धा आत्ता इथे. पण एकाच्या कानातलं काढून दुसऱ्याच्या कानात घालणं हे त्याच्या कामात बसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला उत्सुकता होती. ह्या दोन बायका एकमेकींपर्यंत आपल्या आपण पोचतात का, आणि पोचल्या तर काय होतं. ही उत्सुकता चांगली की वाईट, हे त्याला ठरवता आलं नाही. त्याने फक्त त्यांच्या कानाचा साचा घेतला. गुलाबी लगदा घट्ट होईपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी लोकांच्या तोंडात घालते, तुम्ही कानात. माझंच मेलं सगळं पाण्यात.”

त्यानंतरचे तीन आठवडे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ताईशी भांडण्यात घालवले. भाडेकरूंसकट घर घ्यायला तयार असलेला एक ग्राहक एजंटने शोधला होता, एक निवृत्त औषधविक्रेता, ज्याला घरात राहायचं नव्हतं, नुसतं नावावर हवं होतं. भाडेकरू चांगले असतील तर वर्षानुवर्षं राहू देत, माझी डोकेदुखी वाचेल, असं त्याचं म्हणणं. किंमत अर्थातच कमी. ताई फोनवर कडाडली. “तुला वेड लागलंय का? त्या कोण लागतात तुझ्या?” कोणी लागत नाहीत, असं तो म्हणाला. “मग?” त्याने वडिलांनी बसवलेल्या बटणाची गोष्ट सांगून पाहिली. मग ताई म्हणाली, “ते बटण माझ्यासाठी बसवलं होतं. तुझा तर जन्मही व्हायचा होता.” आणि थोडं थांबून, “कर बाबा तुला काय करायचं ते.” त्याने फोन ठेवला. बटण ताईसाठी होतं. मग त्याला जे आठवलं, ते काय होतं? पण ताई कबूल झाली होती. बायको म्हणाली, “तू भांडलास? ताईशी? आणि जिंकलास?” तिने वहीवरून डोळे उचलून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भिंतीवर चढून दाखवलं होतं.

आनंदाची बातमी घेऊन तो शनिवारी सकाळी त्या घरी गेला. पावणेआठची वेळ त्याने मुद्दाम धरली होती. ते अर्ध्या तासाचं ऊन बघायचं होतं. ऊन होतं. पडद्याच्या फटीतून येऊन ते गालिच्यावर एका लांबट पट्ट्यात पडलं होतं, आणि त्या पट्ट्यात दोघी जमिनीवर बसून पुठ्ठ्याच्या खोक्यांत जबडे भरत होत्या. एकेक जबडा जुन्या टॉवेलात गुंडाळायचा, वर नाव लिहायचं. पोहण्याच्या बाईंच्या उजव्या कानामागे छोटंसं यंत्र बसलं होतं. तो उभ्या उभ्याच बोलून गेला, की काळजी करू नका, घर विकलं तरी तुम्हाला हलावं लागणार नाही, मी सगळं ठरवून आलोय. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते बघणं त्याने पूर्वी ह्या घरात पाहिलं नव्हतं. “पण आम्ही चाललो,” दातांच्या बाई म्हणाल्या. “तुम्हाला कळवणारच होतो. पुढच्या महिन्यात.” “अहो, पण मी…” तो म्हणाला. “मी ताईशी भांडलो. किंमतही कमी केली. तुम्ही राहावं म्हणूनच तर.” “आम्हाला विचारलंत का?” पोहण्याच्या बाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच विचारलं होतं की काय, आणि आपल्याला ऐकू आलं नसेल, अशी शंका होती. नव्हतं विचारलं. तो खाली गालिच्यावर बसला, उन्हाच्या पट्ट्याच्या बाहेर.

मग त्याला सगळं ऐकायला मिळालं, दोघींच्या तोंडून, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करत. यंत्र लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दातांच्या बाई भांडी विसळत होत्या आणि आपल्याशीच पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, आता ह्या वेळी तरी विचारावं का. आणि मागून आवाज आला, “काय विचारायचंय?” त्यांच्या हातून ताटलीच निसटली. “सात वर्षांपूर्वी ह्याच नळाशी उभी राहून मी विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “वन्सं, आपण दुसरीकडे जाऊया का? ह्या काही बोलल्या नाहीत. मी समजले, नको असेल. परत विचारलं नाही.” “अगं, नळ चालू होता!” पोहण्याच्या बाई ओरडल्या. “मी ऐकलंच नाही! सात वर्षं ही समजते की मी नाही म्हटलं!” आणि त्या इतक्या हसल्या की हातातला जबडा खाली ठेवावा लागला, आणि हसता हसता त्यांनी मनगटाने डोळे पुसले. दातांच्या बाई हसल्या नाहीत. त्या नणंदेच्या कानामागचं यंत्र नीट बसवत होत्या. “मग दोघींनी खरं खरं सांगायचं ठरवलं,” त्या म्हणाल्या. “वेगळं राहायचं का, हेही विचारलं. मी वन्संना स्पष्ट म्हटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला असेल तर सांगा. ह्यांनी एक रात्र मागितली विचाराला. ती रात्र मी काही झोपले नाही.” “मला ऐकू येत होतं तू झोपली नाहीस ते,” नणंद म्हणाली. “म्हणून तर सकाळ व्हायच्या आत सांगितलं.” एकत्रच राहायचं ठरलं होतं. पण इथे नाही. हे घर भावाने शोधलं होतं, सामान कुठे ठेवायचं तेही त्यानेच सांगितलं होतं, आणि अकरा वर्षं दोघी ते एकमेकींसाठी सांभाळत बसल्या होत्या. आता त्यांनी तलावाजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या होत्या. चौदा घरं बघितली म्हणे. “तुमच्यासारखं,” दातांच्या बाई म्हणाल्या. “गिऱ्हाईक होऊन. मजा असते हो त्यात.”

जिना उतरताना तो खट्टू झाला होता हे खरं. आपण मोठेपणा करायला गेलो आणि मोठेपणा घ्यायला कोणी घरातच नव्हतं. पण खट्टूपणाच्या खाली दुसरं काही होतं, आणि ते हळूहळू वर आलं. आपल्याला त्या तिथे हव्या होत्या, कारण त्या बोळात कोणी तरी उभं राहायला हवं होतं. आपल्या आईची जागा भरलेली राहावी म्हणून तो दोन जित्याजागत्या बायकांना त्यांच्या भल्याच्या नावाखाली तिथे ठेवायला निघाला होता. हे लक्षात आल्यावर त्याला शरमण्याऐवजी नवलच वाटलं. आपण काय करतोय ते आपल्यालाच शेवटी, तेही दुसऱ्यांनी सांगितल्यावर कळतं. पुढच्या महिन्यात दोघी गेल्या. औषधविक्रेत्याला रिकामं घर नको होतं, तो मागे हटला. लगेचच नव्याने लग्न झालेलं एक जोडपं आलं आणि चांगल्या किमतीला व्यवहार झाला. ताई फोनवर म्हणाली, “घर मोकळं पण केलंस, भाव पण आणलास! जादू केलीस काय?” त्याने सांगितलं की त्याने काहीच केलं नाही. ताईला ते विनयाने म्हटल्यासारखं वाटलं.

सह्या करून तो परतला तेव्हा दुपार कलत होती. बायको जेवणाच्या टेबलाशी वह्या तपासत बसली होती. तो दारातच उभा राहिला आणि आपलं घर बघू लागला. हे घर त्याने तेवीस वर्षांपूर्वी एका दुपारी पसंत केलं होतं. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ, वरचा मजला, लगेच ताबा. बयाणा देऊन मगच त्याने बायकोला आणून दाखवलं होतं. ती ह्या खोलीतून त्या खोलीत फिरली होती आणि “छान आहे” म्हणाली होती, आणि तो खूश झाला होता. तिचा आवाज काही हळू नव्हता. तिचे शब्द ऐकू न येण्यासारखे कधीच नव्हते. तो समोर जाऊन बसला. “एक विचारू?” तो म्हणाला. “हे घर तुला आवडतं का?”

तिने हातातलं गणित पुरं तपासलं, खाली गुण लिहिले, पेनला टोपण लावलं. मग त्याच्याकडे पाहिलं. हा थट्टा करतोय की बरं नाही ह्याला, असं. “स्वयंपाकघर नाही आवडत,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”

“का?”

“खरंच सांगू? वेळ लागेल हं.”

त्याने वह्यांचा गठ्ठा उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवला. ती उठली, स्वयंपाकघराकडे निघाली आणि दारात वळून त्याला म्हणाली, “बसून काय ऐकतोस? इकडे ये. इथे उभा राहा, मी उभी राहते तिथे.”